खुळखुळणारं कार्ड

माझी मुलगी माझ्याशी शेवटचं मोकळेपणानं बोलली, ते एका कार्डाबद्दल. फोनवर सांगत होती, की वर्गातल्या एका मुलीला वाढदिवसाला शेकर कार्ड मिळालं. वर काचेसारखी खिडकी असते, आत टिकल्या आणि मणी, आणि हलवलं की सगळं इकडून तिकडं घरंगळतं. "विकतचं नाही, तिच्या मावशीनं हातानं केलं," असं तिनं दोनदा सांगितलं. मग मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

ती हिंजवडीला वडिलांकडे राहते, चौदाव्या मजल्यावर. आमचा घटस्फोट झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कोर्टातल्या बाईंनी तिला बाजूला बसवून कुणाकडे राहायचं ते विचारलं, तेव्हा ती पप्पांकडे म्हणाली. शाळा तिथं, मैत्रिणी तिथं. मी उरवड्याला भावाकडे आले होते. त्यानं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या आहेत, त्यातली शेवटची मला दिली. नऊ वर्षांच्या मुलीनं याहून वेगळं काय सांगायचं होतं? पहिलं वर्षभर महिन्यातून दोन रविवार ती यायची. मग रविवारी क्लास लागला. मग तिच्या वडिलांनी लग्न केलं आणि येणं बंदच पडलं. फोन केला की ते सांगायचे, अभ्यासाला बसली आहे. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मी तिच्या बाराव्या वाढदिवसाला ते कार्ड करायचं ठरवलं. मी जवळच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथं पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे रोज वाया जातात. सुपरवायझरना विचारून त्यातला एक घरी आणला. निळा जाड कागद आणि फोमचा डबल टेप पिरंगुटला मिळाला. टिकल्या माझ्याच एका जुन्या ब्लाउजच्या उसवल्या.

फोनवर व्हिडिओ लावून बसले. कागदावर बांगडी ठेवून गोल आखला, ब्लेडनं कापला, मागून प्लास्टिक चिकटवलं. त्याभोवती फोमच्या पट्ट्या लावायच्या, मधल्या खळग्यात टिकल्या टाकायच्या आणि वरून दुसरा कागद दाबून बसवायचा. दिसायला सोपं. पहिल्या कार्डात मणी मोठे पडले, कागद आणि प्लास्टिकमध्ये अडकून बसले, हलेचनात. दुसऱ्या वेळी पट्टीचे दोन थर दिले, तर दोन पट्ट्यांच्या सांध्यात फट राहिली आणि सगळ्या टिकल्या मांडीवर सांडल्या. तिसऱ्यात फट नव्हती, पण टिकल्या प्लास्टिकला आतून चिकटून राहिल्या. कितीही हलवा, जागच्या जागी.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिला या कार्डाचं काही पटलं नव्हतं. एवढा जीव आटवून पोरगी ढुंकून बघणार नाही, असं तिनं भावाला सांगितलेलं मी ऐकलं होतं. तरी आत आली आणि म्हणाली, "वन्सं, पावडर लावून बघा की. कॅरमला न्हाई का लावत पोरं."

चौथ्या कार्डाला प्लास्टिकवर आतून पावडरचा हात फिरवला. टिकल्या सुटल्या, मणी खुळखुळले. वहिनीनं कार्ड घेऊन दोनचार वेळा हलवलं. "लई झ्याक झालंय," म्हणाली आणि पटकन परत दिलं.

आत काय लिहायचं, यात एक अख्खी संध्याकाळ गेली. ती मला मम्मी म्हणायची. आता त्या घरात दुसऱ्या बाईंना ती मम्मा म्हणते, हे मला ठाऊक होतं. शेवटी खाली 'आई' असं लिहिलं. या नावानं तिनं मला कधी हाक मारली नव्हती.

वाढदिवसाला अर्धी रजा टाकली. घोटवडे फाट्यावरून माणच्या रस्त्यानं शेअर रिक्षानं गेले, कार्ड चुरगळू नये म्हणून पूर्ण वेळ दोन्ही हातांत धरून. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं फ्लॅटला फोन लावला, कुणी उचलला नाही. तो म्हणाला, "मॅडम, ऊपर से परमिशन नहीं आया." मी कठड्यावर बसले. चार वाजले, पाच वाजले. फुग्यांचा एक मोठा गुच्छ घेऊन माणूस आला, त्याला लगेच आत सोडलं. मग केकवाला आला. कोणत्या फ्लॅटचा, ते वॉचमननं मोठ्यानं वाचलं, म्हणून तो तिच्याच घरी चाललाय हे मला कळलं.

सहाच्या सुमारास वॉचमननं पुन्हा फोन लावला आणि थोड्या वेळानं ती खाली आली. एकटीच. चंदेरी झगा घातला होता. माझ्या खांद्याच्या वर गेली होती. मी कार्ड पुढं केलं. तिनं ते एकदा हलवलं.

"तू केलंस?"

"हो."

"छान आहे." तिनं मागं वळून लिफ्टकडं बघितलं. मी जेवलीस का विचारलं, शाळेचं विचारलं. सगळ्याला तिनं नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी कुरिअरनं पाठवशील का? इथं सगळे विचारतील, कोण आलं होतं म्हणून."

"मग तू काय सांगशील?"

ती कार्डाकडं बघत राहिली. "गावाकडची मावशी."

ती हे दुखवायला म्हणाली नाही. विचारलं म्हणून खरं ते सांगितलं. मी बरं म्हटलं. तिच्या गालाला हात लावावासा वाटला, पण पावडर, रंग लावलेला होता, तो पुसला जाईल म्हणून लावला नाही. ती गेली. पूर्ण भेटीत तिनं मला कुठलीच हाक मारली नव्हती.

वॉचमन भला होता. त्यानं मला पाणी दिलं आणि विचारलं, "आप की बेटी है?"

मी म्हटलं, "नहीं, बहन की है."

का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो उद्या तिच्या मैत्रिणींसमोर काही बोलला असता तर ती खोटी पडली असती, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. कंपन्या सुटल्या होत्या, रस्ता गाड्यांनी गच्च भरला होता. रिक्षा मिळेपर्यंत मी माणच्या दिशेनं चालत राहिले.

वहिनीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की तिला फार आवडलं, सगळ्या मैत्रिणींना दाखवत होती. तिनं ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि मी जेवेपर्यंत बसून राहिली.

पुढच्या वर्षी तिनं सांगितल्याप्रमाणे मी कुरिअर केलं. ते कार्ड पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. हात बसला होता. पोहोचल्याचा मेसेज आला, त्यात घेणाऱ्याचं नाव, ती जिला मम्मा म्हणते त्या बाईंचं होतं. मुलीचा फोन आला नाही. मी केला, तर तिच्या वडिलांनी उचलला. हो, मिळालं, म्हणाले, आणि परीक्षा चालू असल्याचं सांगितलं.

आता तिचा चौदावा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. परवा वहिनीनं विचारलं, औंदा काय करणार. मी म्हटलं, "काहीच नाही." ती म्हणाली, "नगा करू," आणि तांदूळ निवडायला लागली. मीही सूप ओढून तिच्या शेजारी बसले.