धाकटीचा स्वतःचा स्विच

शिवणाच्या त्या खोलीत दोन जावा, दोन मशिनी, आणि उजेड मात्र एकीच्या मर्जीचा. ट्यूबलाइटचं बटण थोरलीच्या हाताशी. धाकटी भिंतीकडच्या कोपऱ्यात. संध्याकाळी थोरलीचं काम उरकलं की ती कात्री डब्यात टाकायची आणि खटकन ट्यूब बंद करायची. मग धाकटीची बाही अर्धी लागलेली असो की कॉलर उलटी पडलेली.

"जाऊबाई, एवढी कॉलर होऊ द्या की."

"दिवसभर काय झोपा काढत होतीस? मीटर आमच्या ह्यांच्या नावावर आहे."

कामं रखडायची. वर थोरलीच गिऱ्हाइकांच्या कानाशी लागायची, "धाकटीकडे टाकताय? मग वाट बघा." चार घरची गिऱ्हाइकं अशी तिनं सुईसुद्धा न उचलता आपल्याकडे ओढली होती. धाकटीच्या मनानं तेव्हाच घेतलं, दिवा आपला आणि बटणही आपल्याच बोटाखाली हवं.

खेळण्यांच्या दुकानातून तिनं शिकाऊ पोरांचा विजेचा संच आणला. दोन सेल बसवायची डबी, पांढरा बारका दिवा, त्याला फार करंट जाऊ नये म्हणून रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर, वायर आणि एक टॉगल स्विच. त्याला वर इवलीशी धातूची दांडी, खाली पितळेचे तीन पाय, प्रत्येक पायाला भोक.

"आता भातुकली मांड," थोरली म्हणाली. "नाहीतरी शिवायला कोण देतंय तुला."

धाकटीनं दोऱ्याच्या रिळांचा रिकामा खोका घेतला, झाकणाला भोक पाडलं, स्विच त्यात बसवून नट आवळला. संचातल्या कागदावरच्या चित्रात वायरी दोनच पायांना होत्या, मधल्या आणि कडेच्या एका. तिसरा पाय मोकळा. धाकटीनं नाक मुरडलं. उभ्या जन्मात तिनं गुंडीचं एक भोक मोकळं सोडलं नव्हतं. लटकणारी गुंडी म्हणजे लाजच. तिनं सेलकडून आलेली लाल वायर सोलून उघडी केली, तिन्ही पायांतून ओवली, वर दोन वेढे दिले, घट्ट ओढली आणि तशीच पुढे रेझिस्टरला आणि दिव्याला नेऊन जोडली. टाका असा बसला की हत्तीनं ओढला तरी निघू नये.

दिवा लागला. सुईचं नाकसुद्धा लखलखलं.

"बंद कर बरं," थोरली म्हणाली.

धाकटीनं दांडी खाली केली. दिवा चालूच. वर केली. चालूच.

थोरली मशीनवर डोकं टेकून हसली. "बटण आहे की दागिना? सकाळपर्यंत सेल मेले की आपोआप बंद होईल, काळजी करू नकोस."

धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सेल काढून तिनं खोका मांडीवर पालथा घेतला आणि लाल वायरीवरून बोट फिरवत गेली. एका पायातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पुढे थेट दिव्याकडे. वायर कुठे तुटतच नव्हती. दांडी बिचारी आत कितीही आदळली तरी विझवणार काय? इथं टाका घालायचा नव्हता, तोडायचा होता.

तिनं दातओठ खाऊन आपलाच टाका उसवला. वायर मधोमध कापली. सेलकडचं टोक मधल्या पायाला पिळलं, दिव्याकडचं कडेच्या पायाला. तिसरा पाय मोकळा सोडताना मात्र तिनं पुन्हा नाक मुरडलं.

दांडी एकीकडे, दिवा लागला. दुसरीकडे, विझला.

थोरलीचं हसू आटलं. ती उठली आणि नेहमीच्या वेळेच्या बऱ्याच आधी तिनं खटकन ट्यूब बंद केली.

कोपऱ्यात बारीकसं टक् झालं आणि सुईभोवती वीतभर उजेड पडला. धाकटीनं कॉलर पुढ्यात ओढली.

"चल, कुलूप लावायचंय."

"किल्ली ठेवून जा, जाऊबाई. मी लावते."

"किल्ली कुणाला मिळायची नाही."

"मग बसा."

थोरली बसली. अंधारात, स्वतःच्याच बंद मशीनसमोर, पदराला किल्ली घट्ट बांधून. "बघते ना किती वेळ पुरतायत तुझे सेल."

"नवे आहेत," धाकटी म्हणाली, आणि एरवी झरझर मारायची ती शिलाई एकेक टाका मोजावा तशी संथ घालू लागली.