तिसऱ्यांसारखं धुतलेलं रेझिन

सलग दुसरी बॅच ठप्प. रिअ‍ॅक्टरला जोडलेल्या काचेच्या नळीत पाण्याचा थेंब नाही. आम्ल आणि अल्कोहोल जुळून एस्टर होतं, म्हणजे गोळ्या-बिस्किटांत घालतात तो केळ्याच्या वासाचा द्रव. ते होताना पाणी सुटतं. पाणी नाही म्हणजे रिअ‍ॅक्शनच नाही.

"मॅडम, माका ह्या रेझिनचो भरवसो नाय," युनिटचे मालक दिगंबरकाका वैतागले. "उद्यापासून परत सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालूया."

ऑपरेटर मुनीराचा चेहरा पडला. तिचं घर खाडीला लागून. घरची माणसं तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढून विकतात. सल्फ्युरिकचं सांडपाणी ओहोळातून खाडीत जायचं, तेव्हा त्या मरायच्या.

"तां नको ओ काका," ती म्हणाली. "परत खाडी मरतली."

मी सावंतवाडीची केमिस्ट. सल्फ्युरिक सोडवून इथे रेझिन मीच आणलं होतं. हे मोहरीएवढे मणी. रिअ‍ॅक्शन चालवणारं आम्ल त्यांच्या अंगातच असतं, त्यामुळे ते सांडपाण्यात जात नाही. काम झालं की मणी गाळायचे, धुवायचे, पुन्हा वापरायचे. पहिली बॅच झकास निघाली होती. मग या मण्यांना काय धाड भरली?

"मुनीरा, धुतलेस कसे?"

"तिसऱ्यो धुतत तशे, मॅडम. सात पाण्यांन. वायंच मळ ऱ्हवाक नाय."

"कॅनमधल्या डिस्टिल्ड पाण्याने?"

"तां संपता म्हणान जपून ठेवलंय. बावीचा घेतलंय."

मी तडक विहिरीवर गेले, पोहरा ओढला, घोट घेतला आणि थुंकले. मे महिना, खाडी हाकेवर, पाणी खारट!

मिठाच्या पाण्यात मण्यांवरचं आम्ल सुटतं आणि मिठातलं सोडियम त्याच्या जागी ठाण मांडून बसतं. पोरीने जितकं मन लावून धुतलं, तितके मणी निकामी झाले.

उपाय सोपा होता. मणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवायचे, की ते सोडियमला हुसकावतं. मुनीरा आम्लाच्या बादलीकडे डोळे वटारून बघत राहिली.

"ह्यां पण अ‍ॅसिडच ना ओ?"

"एवढं बादलीभरच. चुना घालून शांत करायचं, मगच ओतायचं."

मग डिस्टिल्ड पाण्याने धुतले, वाळवले आणि रिअ‍ॅक्टरमध्ये घातले. काका खुर्ची ओढून नळीसमोर बसले. तासाभरात पहिला थेंब पडला, मग दुसरा, मग धारच लागली. शेडभर केळ्यांचा वास सुटला. माझ्या जिवात जीव आला. मुनीरा ओढणीने डोळे पुसत हसत होती.

"सल्फ्युरिकचे कॅन परत धाडतंय," काका म्हणाले आणि फोन लावायला उठले.

रेझिनच्या कंपनीचं सूचनापत्रक मी नंतर पुन्हा वाचलं. त्यात एवढंच होतं: 'वापरानंतर पाण्याने स्वच्छ धुवावे.' लिहिणाऱ्याने मे महिन्यात इथल्या विहिरीच्या पाण्याचा चहा घेतलेला नसावा.