दीपगृहाखालचा खडक

दुपारचे तीन वाजलेत. मघाशीच मी फोनवर पिलणकरांच्या अंगावर ओरडले. हौसेने गळ टाकायला जाणाऱ्यांचं एक मंडळ आहे इथे रत्नागिरीत, त्याचे ते सचिव. म्हणाले, "वहिनी, विश्रामभाऊंच्या स्मरणार्थ स्पर्धा ठेवतोय. दीपगृहाखालच्या खडकावर. बक्षीस तुमच्या हस्ते द्यायचं."

त्याच खडकावरून आठ महिन्यांपूर्वी लाटेने माझ्या नवऱ्याला ओढून नेलं.

"अजून एखादा जाऊ दे तिथून, मग दोघांच्या नावाने ठेवा," मी म्हणाले आणि फोन आपटला.

आता कॉटवर पडलेय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. पंख्याची घरघर जड होत जाते, बोटीच्या इंजिनासारखी. पायाशी कुणीतरी बसलंय, पाठ माझ्याकडे. गळाला गाठ मारण्याआधी तंगूस, तो नायलॉनचा बारीक दोरा, ओठांत धरून ओला करतंय. ही सवय एकाच माणसाची.

"उठ, कुंदा. भरती लागलीय."

"सत्तावीस वर्षांत एकदा तरी नेलंत का मला?"

"आज नेतोय."

कॉटवरून पाय खाली सोडते तो जेटीच्या ओल्या दगडांवर पडतो. ओळीने माणसं बसलीत, पण एकाचाही चेहरा दिसत नाही. हे मला पाहुणीसारखं सगळं दाखवतात. "नवशिक्यांनी इथे बसावं. कोळंबीचा तुकडा लावायचा, शेंगटी हमखास."

जेटी संपते तिथे खाडीवरचा पूल आहे. पुलाच्या मध्यावर यांच्या चष्म्याच्या दुकानाचं काउंटर मांडलंय. काचेखाली चष्म्यांच्या ओळी, आणि सगळे चष्मे ओले.

"इथे पाणी शांत. लोक मुलंबाळं घेऊन येतात. काळुंदर लागते, कधी तांबोशी."

माझं डोकं फिरतं. "मग इथेच का नाही बसलात? पुलावर जातो सांगून निघाला होतात त्या सकाळी! मला खोटं सांगितलंत!"

ते एक चष्मा उचलून शर्टाला पुसतात. "मोठा मासा इथे लागत नाही गं."

"मोठा मासा! तिसऱ्या दिवशी मला ओळख पटवायला बोलावलं. चेहऱ्यावरून नाही, शर्टावरून ओळखलं मी तुम्हाला. गावाला चष्मे घालत होतात आणि स्वतःला एवढी लाट दिसली नाही?"

"दिसली होती," ते म्हणतात.

पायाखाली खडक आहे. काळा, धारदार, शेवाळलेला. वर दीपगृह. समोर समुद्र हलतोय, पण त्याला आवाज नाही.

"सांगा. काय झालं?"

"मी वर आलो होतो, सुखरूप. रॉड खाली राहिला होता."

"कुठला?"

ते माझ्याकडे बघत नाहीत. "तू दिलेला."

पन्नासाव्या वाढदिवसाला मी दिला होता तो. माझ्या अंगाची आग होते. "माझ्यावर ढकलू नका हं! मेल्यावर तरी नको!"

"ढकलत नाही. पाणी फार मागे गेलं होतं, कुंदा. मागे गेलेलं पाणी तेवढंच उसळून येतं, हे दर रविवारी मंडळातल्या पोरांना मीच सांगायचो. बघितलं, कळलं, तरी उतरलो."

"का?"

"वाटलं, मला काही होत नाही."

"चुकलो म्हणा."

"चुकलो."

रस्ता चुकून भलत्या गावात पोचलो तरी हा शब्द या माणसाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. वाटलं होतं, तो ऐकला की जीव निवेल. निवत नाही. उलट वाटतं, इतकं सोपं होतं तर जिवंतपणी म्हणायला काय झालं होतं?

ते तंगूस माझ्या हातात देतात. दुसरं टोक पाण्यात. कुणीतरी खालून ओढ घेतं. हे त्या दोरीला धरून खाली उतरायला लागतात, त्या दिवशी उतरले असतील तसेच, पाठमोरे, सावकाश.

"वर या!" मी बोटाला वेढा घेऊन ओढते.

"सैल सोड, कुंदा. हात कापेल."

"वर या म्हणते ना!"

पाणी त्यांच्या कमरेला लागलंय. "सोड गं."

"माझं ऐकलंत का कधी? मग मी का ऐकू?"

पाववाल्याच्या भोंग्याने डोळे उघडतात. पंखा चालू आहे. चार वाजलेत. उजवी मूठ इतकी आवळलेली की दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. तर्जनीवर बारीक, सरळ चीर, बोटाला वळसा घालून गेलेली. उशीच्या अभ्र्यावर रक्त.

मी चादर झटकते, उशी उलटते. बांगडी फुटलेली नाही. सुई नाही, पिन नाही. घरात तंगूसही नाही; मासेमारीचं सगळं सामान मीच तेराव्यानंतर देऊन टाकलं होतं.

चीर चुरचुरतेय. बोट तोंडात धरते. खारट लागतं. रक्त खारटच असतं म्हणा.

पण चिरेत वाळू आहे. दाताखाली करकरते.