मॅडमच्या पुस्तकातलं अम्माचं नाव

सोलापूरच्या पूर्व भागात आमची एकच खोली. अर्धी हातमागानं अडवलेली, उरलेल्या अर्ध्यात आम्ही पाच जण. वडील गेल्यावर माग अम्मानं चालवला आणि मला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे अभिमानानं सांगते. पुढचं मात्र मान खाली घालून लिहितेय.

कॉलेजात मला शिकवणाऱ्या शकुंतला मॅडम गेल्याचा फोन आला त्याला महिना होईल. प्राचीन इजिप्तचा अभ्यास करणारं आमच्या शहरात त्यांच्याआधी कोणी नव्हतं. तिथली चित्रलिपी त्या पुस्तकं मागवून एकट्यानं शिकल्या. "राजांचं सोनं सगळेच बघतात गं, त्यांच्या ममीला गुंडाळलेलं कापड कोणी विणलं?" असं म्हणायच्या. त्या कापडाच्या एका फोटोत धागा मधेमधे जाड दिसायचा. तो विणकराचा दोष, असं इतर अभ्यासकांनी ठरवून टाकलेलं. मॅडमना ते पटेना. फोटो घेऊन त्या थेट आमच्या खोलीत आल्या, मागाशेजारी जमिनीवर बसल्या. अम्मा हसलीच. "दोष कसला? तुटलेला धागा जोडलाय की. गाठ न्हाय मारली, थुंकी लावून पीळ दिलाय. आमी बी तसंच करतो."

"नरसम्मा, मला शिकवा."

"तुमी शिकलेल्या बाई, थुंकाल व्हय?"

मॅडम थुंकल्या.

पुढे त्या कापडावर मॅडमनी पुस्तक लिहिलं, त्याचं टायपिंग माझ्याकडे होतं. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलेलं, ही जोडणी मला माझ्या विद्यार्थिनीच्या आईनं, नरसम्मानं, शिकवली. थुंकीसकट सगळं. मैत्रिणी वाचतील म्हणून मी ते काढलं आणि 'एका स्थानिक कारागिराकडून समजले' असं घातलं. छापील प्रत हातात घेऊन अम्मानं विचारलं, "माझं नाव कुटं हाय?" तिला वाचता येत नाही. मी त्याच ओळीवर बोट ठेवलं. तिनं ते पान डोळ्यांना लावलं...

मॅडमच्या लक्षात आलंच. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "त्या विणकरांची नावं कोणी लिहिली नाहीत, म्हणून मी जन्मभर धागे बघत बसले. हिचं तर लिहिलं होतं की गं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या आवृत्तीची छपाईआधी तपासायची मुद्रितं आजारपणात त्यांनी माझ्याच हाती दिली.

ती तपासायला त्यांच्या टेबलाशी बसले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. खणात सुताचे तुकडे निघाले, सगळे बिनगाठीचे जोडलेले. शेवटपर्यंत सराव चालू होता बाईंचा. त्याच संध्याकाळी अम्माला खरं सांगितलं. तिनं माग थांबवला नाही. विणता विणताच विचारलं, "मॅडमला ठाव हुतं?"

"हो."

"आन् तरी तुला दारात उभं केलं?"

त्याच रात्री मुद्रितात मी मॅडमची मूळ ओळ परत घातली, थुंकीसकट.

गेल्या आठवड्यात दुसरी आवृत्ती आली. प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर नरसम्माचं नाव छापलेलं आहे.