चवमावशीची नोंदवही

चवमावशीइतकं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. शाळेच्या फाटकाची कडी वाजली की तिच्या हातातला ढवळायचा सराटा थेट शिजत्या खिचडीच्या गंजात! कोण आलं, तर दाखला न्यायला आलेला कुणाचा तरी बाप. तरी ती छातीवर हात धरून उभी. शाळेत खिचडी शिजवायचं तिचं काम वर्षावर्षाचं, कुणीही काढून टाकेल असं.

तिचं खरं नाव घेत नाही, मला अजून भीती वाटते. डोणगावजवळच्या आमच्या खेड्यातली शाळा दहावीपर्यंत, पण सरकारी खिचडी आठवीपर्यंतच. नववीत गेलं की भूक बंद होते म्हणे! आई सकाळीच शेतात निंदायला जायची, डब्याचा पत्ता नाही. नववीच्या पहिल्याच आठवड्यात मी प्रार्थनेला चक्कर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी मावशीनं खिडकीतून हाक मारली, "ए पोरी, चव पाहाले ये."

वाढण्याआधी खिचडी चाखून नोंदवहीत सही करायची, असा नियम. ते काम सरांचं, पण सर म्हणायचे तुम्हीच बघा. मावशी "जेव" हा शब्द कधीच काढायची नाही. ताटभर वाढायची नि म्हणायची, "पाह्य बरं, मीठ बराबर हाय का." संपलं की, "एवढ्यात काय समजते? अजून पाह्य." वर नोंदवहीत माझी सही घ्यायचीच. "लिवलेलं असलं म्हंजे कोनी काही करत नाही."

मग एक दिवस कडी वाजली आणि खरंच तपासणीचे साहेब आले. माझ्या तोंडात घास, गिळताही येईना, थुंकताही येईना. "कितवीत आहेस?" मावशीनंच नोंदवही पुढे केली, "साहेब, चव पाहून राह्यली ते. सही हाय तिची, रोजची." साहेब पानं उलटत गेले. पानोपानी माझी सही, आणि पुढे माझ्याच वळणदार अक्षरात, इयत्ता नववी.

पुढच्या वर्षी शेगडीपाशी दुसरी बाई होती.

आता मी खामगावला कॉलेजात आहे, पण मेसचं दार वाजलं की अजून घास अडकतो. परवा मोबाईलवर वाचलं, दहावीपर्यंत जेवण द्यायचा कायदा विधानसभेत आणायचं म्हणतायत! मी ओरडतच मावशीला फोन लावला.

"हळू बोल वं! कोनी आयकीन." मग अगदी बारीक आवाजात, "मंग नववीच्या पोरीले 'जेव' म्हनलं तं चालीन?"

हो म्हणायच्या आधी मी ती बातमी पुन्हा उघडून पाहिली. कायदा अजून झालेला नाही.