मोठ्या पाटीवरची गावं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. कडवे वाल, मोड आणलेले. मधे कोमट पाण्याची परात, एका बाजूला माझी बायको, समोर मी. दाणा चिमटीत दाबला की सालीतून सुळकन बाहेर येतो. माझ्या बोटांना ते कधी जमलं नाही, दाण्याच्या दोन फाका होतात. ती म्हणाली, "आवं, सोलताय का भरडताय?"

"पोटात जाऊन भरडायचंच हाय."

ती हसली. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "जरा पडते." मी म्हटलं, "पड." आणि उरलेले वाल सोलत बसलो. तेव्हाच उठायला हवं होतं.

आता पाट्यांचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

रस्ते रुंद झाले तेव्हा मी मुकादमाकडे मजुरीला होतो. काम पाट्यांचे खांब रोवायचं. खड्डा काढायचा, खांब ओळंब्यात सरळ उभा धरायचा, काँक्रीट ओतायचं. आमच्या गावच्या फाट्यावरची पाटीसुद्धा मीच उभी केली. तिच्यावर दिवेआगर होतं, हरिहरेश्वर होतं, आमचं गाव नव्हतं. मी चौथी शिकलेला, पण एवढं वाचता येतं. रस्त्याच्या कामावरच्या साहेबाला विचारलं, "आमच्या गावानं काय घोडं मारलंय?"

साहेब चांगला माणूस. म्हणाला, "काका, पाटी तुमच्यासाठी नसते. तुम्हाला तुमचं घर माहीत आहे. पाटी परक्यासाठी. लांबून येणारा जे नाव डोक्यात धरून निघतो, ते मोठ्या पाटीवर. जवळचं गाव छोट्या पाटीवर, वळणाच्या तोंडाशी." आणखी एक म्हणाला, "एकदा नाव लिहिलं की ते गाव येईपर्यंत पाट्यांवर ठेवायचं. मधेच सोडलं तर माणूस चुकतो."

ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. घरी येऊन बायकोला सांगितली. तिला वाचता येत नव्हतं. पण तेव्हापासून फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना दर वेळी विचारायची, "बघा, आलं का आपलं नाव?"

"न्हाय."

"मग काय लिवलंय?"

"हरिहरेश्वर."

"तिथं राख झाल्यावर नेतीलच की! तोवर उभं ऱ्हावा." मग बाकीच्या बायकांना, "यांनी मुलुखभर पाट्या लावल्या गं, सोताच्या गावाची लावता आली न्हाय." बायका हसायच्या. मीही हसायचो. मला मनातून बरं वाटायचं, की हे काम माझं आहे हे ती सगळ्यांना सांगते.

तर वाल सोलले त्या दिवशी ती उठली ती घामानं भिजलेली. डावा हात उचलेना. शेजारचा गाडीवाला उरणला ट्रेलर चालवतो, तो रजेवर घरी आला होता. त्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखाना तालुक्याच्या गावाला.

ती विचारायची, "किती ऱ्हायलं?" मी पाटीवर तालुक्याच्या नावापुढचा आकडा बघून सांगायचो. "अठरा." आकडा ऐकला की ती डोळे मिटायची, श्वास जरा सरळ व्हायचा. पुन्हा, "आता?" "अकरा." मला वाटलं आकड्यांवर आपण पोचतो.

मग हायवे लागला. पूर्वी तो तालुक्याच्या गावातूनच जायचा. आता गावाबाहेरून नवा रस्ता झालाय, पावसाळा संपल्यावर चालू झालेला. मी त्यावर कधी गेलो नव्हतो. रस्त्यावर कमानीसारखी मोठी पाटी. पनवेल, मुंबई. आमच्या तालुक्याचं नाव नाही.

गाडीवाल्यानं गाडी हळू केली. "काका, डावीकडं खाली उतरायचं वाटतं." तो उरणहून येताना याच रस्त्यानं आला होता, त्याला अंदाज होता.

मी म्हटलं, "सरळ घे. नाव यायचंय अजून."

"पण काका..."

"पाट्या मी लावल्यात. एकदा लिवलेलं नाव सोडत न्हाईत. तू मला नको शिकवू."

वडील माणसापुढं तो काय बोलणार. सरळ घेतली.

नाव आलं नाही. डाव्या हाताला पाण्याची टाकी दिसली, एस.टी. स्टँडचे पत्रे दिसले, आणि मागं गेले. मधे सिमेंटची भिंत, वळायला जागा नाही. तो शिव्या देत होता, मला नाही, रस्त्याला. मांडीवरून आवाज आला, "किती ऱ्हायलं?"

मी पुढं पाटी शोधली. आकडा कुठंच नव्हता. तिनं पुन्हा विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला लाज वाटत होती. मरणाऱ्या बायकोपुढं मी लाजत बसलो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

पुढं लांब जाऊन वळलो, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला, जरा आधी आणायला हवं होतं." जरा म्हणजे किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दिवस मावळायच्या आत अग्नी देऊन सगळं उरकलं. परातीतले वाल तसेच होते. भावजय म्हणाली, "टाकून देऊ?" मी म्हटलं, "हात लावू नको."

गाडीवाला येऊन बसला. "काका, पाटी मलाही न्हाय दिसली." माझ्यासाठी म्हणाला असेल. मला मात्र एकच लागून राहिलं होतं. नाव तिथं होतं का नव्हतं? नसलं तर दोष रस्त्याचा. असलं तर माझा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा चढवला. भावजय दारात आडवी आली. "भावोजी, सुतकात कुठं निघालात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

पहिली एस.टी. धरली. जुना आणि नवा रस्ता फुटतो तिथं उतरलो. कंडक्टर ओरडला, इथं स्टॉप नाही म्हणून. वर ती मोठी पाटी, पनवेल, मुंबई. आणि खाली डावीकडं, उताराच्या तोंडाशी, छोटी पाटी. खांब ओळंब्यात, काँक्रीट पक्कं. तालुक्याच्या गावाचं नाव, बाण, आणि आकडा.

साहेबानं सांगितलं होतं. अशा छोट्या पाट्याही मी स्वतःच्या हातानं रोवल्यात. त्या दिवशी मी वर बघत होतो.

खांबाला धरून उभा राहिलो. ट्रकच्या वाऱ्यानं धोतर फडफडत होतं. मग मोठ्यानं म्हटलं, "दोन ऱ्हायलं गं. दोनच."

आणि उतारानं चालायला लागलो. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत थांबलो नाही.