आधी कानामागे लाव!

सॅम्पलच्या पुड्या आणि ऑफिसातले किस्से, दोन्ही कुणी विकत घ्यायला जात नाही. आपोआप पिशवीत येऊन पडतात. मग एक दिवस ड्रॉवर बंद होईनासा झाला की लक्षात येतं, बाप रे, एवढे साठले! आज मी आमचा ड्रॉवर उघडतेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून नवीनच बंगलोरला आले होते. आमचं ऑफिस बसवनगुडीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. क्लायंट कोरियाचा, त्यामुळे आमच्यातलं कुणी ना कुणी कायम सोलला. आणि सोलला जाणाऱ्याला निरोप ठरलेला, "येताना क्रीम आण हं!" कोरियन क्रीम म्हणजे काय, हे तेव्हा इकडे कुणाला माहीत नव्हतं. पण परदेशी आहे ना, झालं तर मग!

*

पहिला मान वानखेडेचा. हा नागपूरचा. उंच, मिशाळ, क्रीमशी आयुष्यात संबंध नाही. बायकोसाठी काहीतरी घ्यायचं म्हणून क्लायंटच्या ऑफिसजवळच्या दुकानात शिरला. दुकानाची मालकीण पन्नाशीची, गुलाबी एप्रन घातलेली. तिची पद्धत कडक. लावून पाहिल्याशिवाय विकायचं नाही!

वानखेडेने खाणाखुणा करून सांगितलं, मला नको, मिसेसला हवंय. बाईंनी मान डोलावली, त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्याच उजव्या गालावर कामाला लागल्या. एक पुसलं, दुसरं लावलं, त्यावर तिसरं थापटलं. तेवढ्यात याला मीटिंग आठवली. एक बाटली घेतली आणि पळत सुटला. पळता पळतासुद्धा बाईंनी त्याच्या पिशवीत मूठभर सॅम्पल कोंबलीच.

मीटिंगमध्ये अख्खा वेळ सगळे त्याच्याकडे पाहतायत. शेवटी क्लायंटचा मॅनेजर त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मिस्टर वानखेडे, उजवीकडे काय लावता?"

"मग तू काय केलंस?" आम्ही विचारलं.

"काय करतो बे? दुसऱ्या दिवशी जाऊन डावी बाजू करून आलो. अर्धवट काम आपल्याले जमत नाही!"

*

दुसरा किस्सा आमच्या जोशीसरांचा. सर मॅनेजर, आणि सणवारांचे भलतेच पक्के. दिवाळीतच त्यांना सोलला जावं लागलं. तेल नेलं, फराळ नेला, उटणं मात्र विसरले. नरकचतुर्दशीला पहाटे उठून बघतात तर उटण्याची पुडीच नाही. पण वानखेडेने दिलेल्या सॅम्पलच्या पुड्या समोर पडलेल्या. एक फोडून हुंगली. वास छान! सरांनी तेल डोक्याला लावलं आणि त्या सगळ्या पुड्या फोडून छातीला, दंडांना, पोटऱ्यांना उटणं म्हणून फासल्या. 'जरा मुरू दे' म्हणून खुर्चीत बसले आणि चकली खाल्ली.

तो होता सोलून काढायचा मास्क. वाळला की त्याचं कातडं होतं!

नळाखाली उभे राहिले तरी ते हलेना. ओढलं तर छातीवरचे केस बरोबर यायला लागले. वानखेडे शेजारच्या खोलीत होता. सरांच्या आवाजाने तो धावत आला आणि एका टोकाला धरून बसला. तेवढ्यात बंगलोरहून सरांच्या मिसेसचा फोन. "अहो, झाली का अभ्यंगाची आंघोळ?"

सर कळवळून म्हणाले, "केव्हाच झाली ग. पण अजून निघत नाहीये!"

*

या प्रकरणानंतर सगळी सूत्रं सुमित्राअक्कांनी हातात घेतली.

सुमित्राअक्का आमच्या रिसेप्शनला. राजाजीनगरच्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इकडे. त्यामुळे मराठी घरातलं जुनं आणि त्यात कन्नड सढळ हाताने. आम्ही पुण्यामुंबईचे लोक इंग्रजी कोंबून बोलायचो आणि वर त्यांच्या मराठीला हसायचो. अक्का म्हणायच्या, "हसा हसा. आमी तीनशे वर्षं टिकवलं, तुमी तीन वर्षांत घालवलं!"

त्यांचा कायदा एकच. कुठलीही पुडी आली की आधी कानामागे लावायची. थोडे दिवस वाट बघायची. खाज नाही, आग नाही, तर मगच पूर्ण बाटली आणायला सांगायची. "सुम्ने उगाच तोंडाला फासू नको. आधी कानामागे लाव. स्वल्प, स्वल्प!" एका पुडीत त्या चार जणींचे कान भागवायच्या.

आणि स्वतःच्या कानामागे तर सगळ्यात आधी. का, ते मला उशिरा कळलं.

एकदा मी सोलला असताना, कुठलं क्रीम आणायचं आणि कुठलं नाही ते सांगायला अक्कांनी फॅक्स पाठवला. चित्र काढून! मोठा कान, त्याच्या पाठीमागे आकडे टाकलेले ठिपके, एका ठिपक्यावर फुली, दुसऱ्याभोवती गोल, बाण वगैरे. फॅक्स गेला थेट क्लायंटच्या टेबलावर. त्यांच्या इंजिनिअरांनी अर्धा तास त्याचा अभ्यास केला. मग माझ्याकडे आला तेव्हा त्यावर त्यांच्या मॅनेजरचा लाल शिक्का होता, मंजूर!

*

क्लायंटची माणसंही कधीकधी इकडे यायची, बंगलोरबाहेर होसकोट्याला असलेल्या त्यांच्या कारखान्यात. एक तरुण इंजिनिअर आधी आमच्या ऑफिसात आला. अक्का त्याला म्हणाल्या, "तुमी आमाला एवढं देता, आमचंबी सॅम्पल घ्या." आणि डब्यातली ओली हळद त्याच्या कानामागे लावली. कायदा म्हणजे कायदा! तो बिचारा वाकवाकून आभार मानत होसकोट्याला गेला.

संध्याकाळी परत आला तो गोंधळलेला. कारखान्यात सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं होतं आणि कँटीनवाल्याने गोड खाऊ घातलं होतं. "माझं लग्न कधी आहे," तो काळजीने विचारत होता, "आणि कुणाशी?"

*

आता शेवटचा.

अक्कांच्या मुलीचं, वसुधाचं लग्न ठरलं. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. "ऊट करूनच जा" म्हणाल्या, म्हणजे जेवूनच जा. जेवणानंतर मी त्यांचे अल्बम चाळत होते. वसुधाचं बारसं, वसुधाची शाळा, सहल, वाढदिवस. अक्का कुठेच नाहीत! एका फोटोत नारळाच्या ताटामागे नुसती साडी दिसत होती.

"अक्का, तुम्ही कुठे आहात?"

"कॅमेरा कुणी धरायचा मग?" त्या हसल्या. मग गालावर हात ठेवून म्हणाल्या, "ही पोटात असताना वांग आला बघ. दोन्ही गालांवर. डॉक्टरचं मलम लावलं तर तोंड भाजलं. तेव्हापासून मी फोटोत येत नाही."

मी त्यांना रोज बघत होते. त्यांच्या गालांवर गडद डाग होते, हे मला माहीत होतं. पण त्या डागांनी एक बाई स्वतःच्याच घराच्या अल्बममधून नाहीशी केली होती, हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"पोरीच्या लग्नात मात्र उभं राहायचंय ग मला," अक्का म्हणाल्या. "एकाच फोटोत. तू परत चाललीस ना तिकडे? बघ काही मिळालं तर."

मी सोलला पोचले आणि तडक गुलाबी एप्रनवाल्या बाईंकडे गेले. क्लायंटच्या ऑफिसातली दुभाषी मुलगी बरोबर होती. तिने सगळं सांगितलं. बाईंनी हात जोडले. "चेहरा बघितल्याशिवाय मी डागांवर काही देत नाही. फोटो आणा."

आता आली का पंचाईत! फोटोत येण्यासाठी क्रीम हवं आणि क्रीमसाठी फोटो हवा.

मी अक्कांना फोन लावला. "बेडा! नको!" एवढंच म्हणून त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वसुधाने बोलून पाहिलं, जोशीसरांनी पाहिलं. शेवटी वानखेडे त्यांना म्हणाला, "अक्का, मी अर्धं तोंड रंगवून मीटिंगला बसलो. तुम्हाला एका फोटोचं काहून एवढं?"

दोन दिवसांनी अक्का एकट्याच राजाजीनगरच्या स्टुडिओत जाऊन बसल्या. पावडर न लावता, दिव्यांसमोर, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. तो फोटो वानखेडे सोलला घेऊन आला.

बाईंनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. कपाट उघडतील, बाटल्या काढतील म्हणून मी पर्स उघडून उभी. त्यांनी कापूस घेतला. त्यावर काहीतरी ओतलं आणि स्वतःचाच उजवा गाल पुसायला सुरुवात केली. एक थर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

खाली वांग होता. अगदी अक्कांसारखा, डोळ्यांखालून गालभर पसरलेला.

त्यांनी अक्कांचा फोटो स्वतःच्या गालाला लावला आणि आरशात दोघींना बघितलं. मग दुभाषी मुलीला काहीतरी म्हणाल्या. ती म्हणाली, "त्या म्हणतात, विकण्यासारखं काही नाही. त्या स्वतःच अजून सॅम्पल लावून बघतायत."

वानखेडेचे डोळे भरले होते, पण तो म्हणाला धूळ आहे. सोलमध्ये धूळ!

निघताना बाईंनी मूठभर सॅम्पल पिशवीत कोंबलीच. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि तशाच, एक गाल पुसलेल्या, ताठ उभ्या राहिल्या. मी फोटो काढला.

बंगलोरला आल्यावर मी अक्कांना पुड्या दिल्या, त्यांचा फोटो परत केला, बाईंचा दिला आणि काय घडलं ते सांगितलं. अक्कांनी पुड्या बाजूला ठेवल्या. बाईंचा फोटो मात्र जेवणाच्या सुट्टीभर हातात होता. शेवटी "सरी, बरं" म्हणाल्या आणि तो पर्समध्ये टाकला.

लग्नात फोटोग्राफरने घरच्यांना हाक मारली. अक्का नारळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ताट माझ्या हातात दिलं, पदर नीट केला आणि जाऊन वसुधाच्या शेजारी उभ्या राहिल्या. एका नाही, सगळ्या फोटोंत! फोटोग्राफर 'अक्का, आता जरा नवरदेवाकडच्यांना जागा द्या' म्हणेपर्यंत.

महिन्याभराने अल्बम आला तो बघायला आम्ही राजाजीनगरला जमलो. वसुधाच्या सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी पहिलं पान उघडलं. डावीकडे अक्कांचा स्टुडिओतला फोटो. उजवीकडे गुलाबी एप्रन, एक गाल गोरापान, दुसऱ्यावर वांग.

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "विहीणबाई, ह्या कोण?"

अक्का कॉफीचे पेले भरत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "बहीण माझी. स्वल्प लांब दिलीय."